खंडेनवमीच्या पूजेतल्या मोठ्या प्लेटा

सर, आज राहात्याच्या जिममध्ये माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "म्याडम, वजन कालच्याइतकंच हाय, मग आज लई जड का लागतंय?" मी रॉडकडे पाहिलं. वीस किलोच्या प्लेटांऐवजी तिने दहाच्या दुप्पट लावल्या होत्या. प्लेट लहान असली की रॉड जमिनीच्या जवळ जातो, चार बोटं जास्त वाकावं लागतं, आणि सगळा जीव त्या चार बोटांतच निघतो. हे मी तिला घडाघडा सांगितलं, तेही तुमच्याच शब्दांत, आणि सांगता सांगता माझी मलाच लाज वाटली. हे तुम्ही मला शिकवलंत आणि मी ते पहिल्यांदा वापरलं तुमच्यावरच.

देवळाली प्रवराच्या आपल्या व्यायामशाळेत तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून तसेच यायचात, कपड्यांना मळीचा वास घेऊन. "मोठी प्लेट आत, बारकी भाईर, अन क्लिप लावल्याबिगर रॉडला हात न्हाई," हे रोजचं. बाकीच्यांनी लावलेलं वजन तुम्ही तपासायचात. मी लावलेलं कधीच नाही. "पोरीनं लावलंय न्हवं, मग त्यात काय बघायचं?" म्हणायचात. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर मिरवायचे.

मग त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेची नावं ठरवताना तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिची पाठ वाकती. औंदा न्हाई पाठवायचं हिला."

"पन सर, वजन उचललं की मी!"

"उचललंस, पन पायानं न्हाई, पाठीनं उचललंस. असंच उचलत ऱ्हायलीस तर कप न्हाई, काठी मिळंल हातात."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी एकोणीस वर्षांची होते, नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की चार दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही माझी पाठ वाचवत होता, हे तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं. तरी राग आला.

पाचव्या दिवशी खंडेनवमी. लोक अवजारं पुजतात तशा आपण प्लेटा पुजायचो, आणि पूजा झाली की पहिले शंभर किलो तुम्ही उचलायचात. त्यानंतरच बाकीच्यांनी रॉडला हात लावायचा. त्या सकाळी वजन लावतेय मी. दोन्हीकडे वीसच्या दोन-दोन लावायच्या, तर मी दहाच्या चार-चार लावते. रॉडचे वीस धरून बेरीज बरोब्बर शंभर, कुणी बोट दाखवू शकणार नाही. "मोठ्या कुठंयत?" कुणीतरी विचारतं. "पूजेत मांडल्यात," मी म्हणते. साठीला आलेले, नऊ दिवसांचे उपाशी तुम्ही, प्लेटांकडे न बघताच वाकता. रॉड नडगीपर्यंत येतो आणि थांबतो. तुमची पाठ वाकते, सर. सगळ्यांदेखत. मागून कुणीतरी फिसकन हसतं. तुम्ही रॉड खाली ठेवता, अजिबात आवाज न करता, आणि मग पहिल्यांदा प्लेटांकडे बघता. नंतर माझ्याकडे.

"रॉडला हात लावायच्या आदी प्लेटा बघायच्या असत्यात," तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. "म्या बघितल्या न्हाईत. चूक माजी हाय."

मग कमरेचा चामडी पट्टा सोडून माझ्या हातात दिलात. "घे. पाठीला आधार ऱ्हाईल. फुडच्या वर्षी जाशील तू." गेलेही. तुम्ही मात्र त्यानंतर पहिले शंभर कधी उचलले नाहीत. "आता तुमी उचला," म्हणून बाकड्यावर बसायचात. तुम्ही जाईपर्यंत मी दर दिवाळीला तुमच्या घरी येत राहिले, फराळ केला, पाया पडले. त्या सकाळचं मात्र कबूल केलं नाही.

तो पट्टा मी अजून वापरते. मुली विचारतात तेव्हा सांगते, सरांनी खूश होऊन दिला. हे पत्र कुठे पाठवणार, पट्ट्याच्या पिशवीतच ठेवीन. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की मोठ्या प्लेटांना हळदीकुंकू लागलं होतं, त्या पूजेतून उचलायच्या कशा, मग दुसरा इलाज काय होता? पण दरवर्षी पूजेत लहान प्लेटा असायच्या. त्या वर्षी मोठ्या कुणी मांडल्या, हे तुम्ही विचारलं नाहीत.

मी मांडल्या, सर. सगळ्यांच्या आधी येऊन.