हात वर करणारी पोरं

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पंचवटीतल्या आपल्या शाळेच्या हॉलमध्ये तुमचा फोटो हार घालून टांगलेलाच आहे. परवा तिथे सत्कार होता, माझाच. गुडघा गेला, व्हॉलीबॉल थांबलं, म्हणून शाल आणि नारळ. प्रत्येक वक्त्याने माझ्यावर दोन वाक्यं उरकली आणि तुमच्यावर दहा मिनिटं घेतली. सगळ्यांना तीच गोष्ट सांगायची होती, विभागीय फायनलची. मी हसरा चेहरा करून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, हा माणूस मेल्यावरही माझा पिच्छा सोडत नाही.

तुमचा नियम साधा होता. ब्लॉकला उडी मारली आणि चेंडू बोटाला चाटून बाहेर गेला, तर पंचाला दिसो न दिसो, आपण हात वर करायचा आणि पॉइंट समोरच्याला द्यायचा. अख्ख्या जिल्ह्यात हे करणारे येडे आम्हीच. मी सटाण्याहून आलेला, सोळा वर्षांचा, सहा फूट तीन इंच, पायात दुसऱ्याचे बूट. मी कितीही जोरात स्मॅश मारला तरी तुमच्या तोंडातली शिट्टी हलायची नाही. हात वर केला की मात्र शिट्टी खाली यायची, "शाब्बास" मिळायचं आणि त्या रविवारी तुमच्या घरी जेवण. काकू तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायच्या आणि तुम्ही शेजारी बसून आम्ही किती खातो ते कौतुकाने बघायचात. मेसचं पाणचट वरण पिणाऱ्या पोरांकडून खरेपणा काढून घ्यायची ही तुमची तऱ्हा. एकाने एकदा बोट लागलेलं लपवलं, तर त्याला महिनाभर नुसती नेट बांधायला आणि सोडायला लावलीत. स्वतः कायम नोकरीतले, पेन्शन पक्की. साधुपण तुम्हाला परवडत होतं.

आणि ती फायनल. पाचवा सेट, आम्ही चौदा, ते तेरा. जिंकलो तर संघ राज्य पातळीवर जाणार आणि तिथे नोकऱ्या देणारी माणसं बघायला बसलेली असणार, हे बारा जणांना पाठ आहे. समोरचा उंच पोरगा मारतो, चेंडू माझ्या हातांवरून लांब मागे, रेषेबाहेर. लाइनमन झेंडा वर करतो, पंच पॉइंट आपल्याला देतो, बेंचवरची पोरं कोर्टात धावत येतात. आमचा सेटर, येवल्याचा, माझ्या गळ्यात पडलाय. मी त्याच्या खांद्यावरून तुमच्याकडे बघतो. तुम्ही उठलेला नाही. शिट्टी तोंडात, नजर माझ्या बोटांवर. मी हात वर करतो.

चौदा-चौदा झाले. पुढचे दोन्ही पॉइंट गेले. पोरं रडत होती आणि तुम्ही माझी पाठ थोपटत म्हणालात की आज मला पदक मिळालं. पुढे आयुष्यभर तुम्ही ही गोष्ट मिरवलीत. शिक्षकदिन असो, गॅदरिंग असो, माइक हातात आला की "माझी पोरं हात वर करतात." हरलेल्या अकरा जणांबद्दल एक शब्द नाही. त्यांचं काय झालं हे तुम्ही विचारलंत तरी का कधी? मला उंचीमुळे शिबिराला उचललं, तिथून खात्याचा संघ, मग लीग, विमानं, हॉटेलं. हरलेल्या संघातल्या पाच फूट सात इंचाच्या सेटरला कोण बघतो? तो त्या आठवड्यात येवल्याला गेला आणि वडिलांच्या शेजारी पैठणीच्या मागावर विणायला बसला. आता लीगमध्ये कॅमेरे आहेत, बोट लागलं की पडद्यावर दिसतं. तुमची सगळी शिकवण एका यंत्राने निकालात काढली, याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

गेल्या दिवाळीत बायकोला पैठणी घ्यायला येवल्याला गेलो. तो मागावरच होता. उठला, चहा सांगितला, माझ्या सगळ्या मॅचेस मोबाइलवर पाहिल्याचं म्हणाला. मग धागा जोडता जोडता, वर न बघता त्याने विचारलं, "लागला व्हता ना रे तो बॉल? खरं सांग."

"हो," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "मंग तू तरी काय करणार?"

लागला नव्हता, सर. दोन बोटं अंतर होतं. तुम्ही बघत होतात, आणि मला शिट्टी खाली आलेली पाहायची होती. तुम्हाला ढोंगी म्हणत इतकी वर्षं काढली, पण तुम्ही निदान खरं समजून थोपटलंत. हे पत्र खरं तर येवल्याला जायला हवं. बसने दोन तासांचा रस्ता आहे आणि तो मागावर असतोच. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही वाचणार नाही.