हॉप्सची जुनी पुडी

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुडी पोचली. तुझ्या मळ्यातली हॉप्सची फुलं तळहातावर चोळली, नाकाशी धरली आणि आमच्या बिअरच्या कारखान्यातल्या मुख्य ब्रूअरना, म्हणजे बिअर बनवणाऱ्या साहेबांना, तिथल्या तिथे सांगितलं, संत्र्याच्या सालीचा वास यंदाही तसाच! महिनाअखेरच्या शुक्रवारी सगळ्या मळ्यांचे नमुने येतील. वर्षभराच्या बिअरमध्ये कोणाचे हॉप्स घालायचे, ते माझ्या नाकावर ठरणार.

आपल्या अप्पांनी सोबत पाठवलेलं शब्दकोडं सोडवलं. 'बिअरला कडूपणा देणारी वेल' असलं मला विचारतात म्हणजे हद्द झाली. त्यांचे गुडघे कसे आहेत? आणि तू त्या उंच शिडीवर स्वतः चढू नकोस, माणसं आहेत ना?

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा नाकोबा

१६ सप्टेंबर

चि. नाकोबास,
अ. उ. आ.

हसावं की रडावं कळेना. अरे, मी चुकीची पुडी पाठवली! ताजी इथे टेबलावरच राहिली. तुला गेली ती अप्पांच्या कोड्यांच्या वहीतली, त्यांनी तीन वर्षांपूर्वी खूण म्हणून ठेवलेली. तिला शिळ्या चीजचा, खरं तर अप्पांच्या मोज्यांचा वास येतो. अप्पा स्वतःच नाक मुरडतात.

आणि तुला म्हणे संत्र्याची साल! दारातूनच बंद डब्यातलं ओळखायचास, म्हणून अप्पांनी तुला नाकोबा म्हटलं. काय झालंय तुला? थापा मारू नकोस. मला काळजी लागली आहे.

उलट टपाली लिही, मग रागवायचं की नाही ते ठरवते.
तुझी ताई

१९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. जूनमधल्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही. जिभेला कडू तेवढं कळतं. डॉक्टर म्हणतात, परत येईल, नाहीतर नाहीही येणार; रोज उग्र वासाच्या वस्तू हुंगत राहा.

फुलांचा रंग उतरलेला दिसला होता, पण वाटलं टपालात दिवस लागले. दरवर्षी तू वासाचं वर्णन लिहितेस, तेच पढवल्यासारखं बोललो. शब्दकोड्यात आजूबाजूच्या अक्षरांवरून अडलेला शब्द भरावा, तसे तीन महिने काढतोय. इथे कोणालाच सांगितलेलं नाही. वासाचं काम गेलं तर माझ्याकडे उरतं काय? लाज वाटते गं.

अप्पांना कळू देऊ नकोस.
तुझा भाऊ

२२ सप्टेंबर

चि. नाकोबास,
अ. उ. आ.

अप्पांनी पत्र माझ्याआधी फोडलं, त्यामुळे ते कळलंच. ते रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, त्याला सांग, शुक्रवारच्या आत साहेबांकडे जा. कोणाचा नासका माल पास झाला तर बिअरची अख्खी टाकी ओतून द्यावी लागेल, आणि ती चूक तुला जन्मभर सलेल. माझंही तेच म्हणणं आहे. माझे हॉप्स घेतले नाहीत तरी चालेल.

घाबरू नकोस. आम्ही तुझेच आहोत.
तुझी ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईस आणि ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

साहेबांना सांगितलं, ते कळवलं होतंच. तीन महिने गप्प राहिलो म्हणून बोलणी खाल्ली, चांगला अर्धा तास. शुक्रवारी नमुने दुसऱ्यांनी हुंगले. तुझे हॉप्स त्यांनी निवडले, ताई, माझ्या शब्दाशिवाय! मी आता बिअर उकळायच्या कढईवर असतो. उकळी किती वेळ ठेवायची ते पाहतो, कडूपणा चाखतो. काम बरं आहे.

तुमची जुनी पुडी मात्र टाकली नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी एखादी पाकळी चोळून हुंगायचो. काहीच नाही. आज सकाळीही सवयीने हात नाकाशी नेला आणि एकदम मागे घेतला. ताई, मोजे! अप्पांचे मोजे! पुसट, पण शंका नको. कढईपाशी उभा राहून मी ढसाढसा रडलो, लोकांना वाटलं वाफ डोळ्यांत गेली.

पुडी संपत आली आहे. अप्पांच्या वहीत आणखी असली तर पाठवा.
तुमचा नाकोबा