तोंडाने वाजवलेला व्हिडिओ गेम

प्रिय वन्सं,

वयाने तुम्ही लहान, मानाने मोठ्या, म्हणून आधी नमस्कार आणि मग आशीर्वाद. दोन्ही ठेवून घ्या.

त्या सकाळी मी तुमचा एकुलता एक गणवेश पिळून दोरीवर टाकला होता (म्हणूनच तुम्ही शाळेला दांडी मारून घरात होतात), दूध उतू जाता जाता वाचवलं होतं आणि दारात बसून मटार सोलत होते, तेव्हा तुमचे दादा काखेत खोकं मारून आले. व्हिडिओ गेम. वजनकाटा दुरुस्त करून दिल्याबद्दल एका दुकानदाराने त्यांच्या गळ्यात मारलेला, सोबत एकच कॅसेट, तीही फुंकल्याशिवाय न चालणारी. खोलीत पडद्यामागे मामंजी छापखान्याची रात्रपाळी करून नुकते आडवे झालेले. त्यामुळे दादांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर टीव्हीचा आवाज पार खाली केला. तो खेळापुरता पुन्हा कधी वर गेलाच नाही. पुढे मामंजी निवृत्त झाले, दिवसा जागे राहू लागले, तेव्हा तो खेळच बिघडला होता. आपल्या घरात सगळं असंच वेळेवर व्हायचं.

आधी विचारायला हवं होतं ते आता विचारते. तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमचे यजमान, आमचे जावई, कसे आहेत? अजून डोक्याला तेलाची बाटली ओतूनच घेतात का? माझी तब्येत ठीक. वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणते, अर्धी समजतात, उरलेल्या अर्ध्यांवर झोप चांगली लागते.

तर पत्र लिहायचं कारण तो खेळ. तुमच्या भाच्याने परवा एक डबी विकत आणली. साबणाच्या वडीएवढी, आणि म्हणे लहानपणचे सगळे खेळ तिच्यात आहेत. चाळिशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर केस मोजके, पण ती डबी टीव्हीला लावताना चेहरा असा की मीच त्याला नाक पुस म्हणाले. आवाज बंदच ठेवून दहा मिनिटं खेळला. चौकटीच्या वहीत रंग भरल्यासारखं ते चित्र, त्यात आपल्या जुन्या खेळातला तो छत्री घेऊन धावणारा माणूस, छत्रीवाला, एका खड्ड्यात आठ वेळा पडला. मग म्हणाला, "आई, आपण हे कसं काय तासन्‌तास खेळायचो गं?" मी म्हटलं, "तू नव्हतास खेळत. तू माझ्या मांडीवर झोपून माझा पाय बधिर करत होतास." तो कामाला गेला. सूनबाई आतल्या खोलीत कंपनीच्या मीटिंगला बसली. मी रिमोट उचलला आणि दिसेल ते बटण दाबलं.

आणि वन्सं, खेळातून गाणं वाजलं! दणदणीत, नवं दुकान उघडल्यासारखं. मला वाटलं, टीव्हीला दुसरंच काही लागलं. मग लक्षात आलं की ही छत्रीवाल्याची खरी चाल. इतकी वर्षं ती त्याच्या पोटात होती आणि आपण कधी ऐकलीच नव्हती. आपल्याला ठाऊक होती ती दादांची. आठवतं ना? छत्रीवाला धावू लागला की ते ओठ मिटून काहीतरी गुणगुणायचे, भरलेली बादली घेऊन जिना चढावा तसं. उडीला "हुप्प". नाणं मिळालं की जिभेने "टुक". आणि तो खड्ड्यात पडला की घरमालकाच्या आवाजात "अरेरे, पुन्हा?" सगळं दबक्या आवाजात, मामंजींची झोप मोडू नये म्हणून. एके दिवशी पडद्यामागून मामंजीच म्हणाले, "मोठा खड्डा आलाय, लांब उडी घे, आणि मग मला झोपू दे." म्हणजे ते रोज जागे! (तुम्ही हसता हसता पाण्याचा तांब्या सांडलात, तो मी पुसला. असू दे.)

मला खऱ्या चालीचा राग नाही. मेहनतीने केली असणार कोणी. पण त्या संध्याकाळी भांडी घासताना मी गुणगुणत होते आणि ध्यानात आलं, हे दादांचं नाही, डबीतलं आहे. मी थांबले. दादांचं आठवून पाहिलं. त्या चालीचा पहिला जिना चढले, दुसराही चढले, आणि वळणावर डबीतली चाल उभी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हापासून मी डबीला हात लावलेला नाही. दादांचा फोटो आहे, चष्मा आहे, काटे जुळवायची वजनंही आहेत, तुमचा भाचा त्यांनी कागद दाबून ठेवतो. आवाजाचं मात्र काहीच नाही. तेव्हा सुचलं नाही. ते गेले त्याचं रडून झालं, त्याची मला सवय झाली. पण चालीबरोबर ते आणखी थोडे जातायत, आणि हे मी स्वतःच बटण दाबून घडवलं, याची सवय व्हायची आहे. पुस्तकांत शोधलं. आठवणीबद्दल खूप लिहिलंय, पण चाल परत कशी आणायची ते कोणी सांगत नाही.

बाकी सर्व ठीक. जावयांना नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. खरं काम आता सांगते. ती चाल ऐकलेलं माणूस माझ्याशिवाय जगात एकच उरलंय, आणि ते तुम्ही. शाळेच्या प्रार्थनेला बाईंनी तुम्हाला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, हे मी विसरलेले नाही. दुसरं कोणी असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. पण फोन करा आणि गुणगुणा. बेसूर चालेल. वळणापुढचं एवढंच हवं आहे.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवसाचंही लिहिते. फोन तरीही कराच. सकाळी मी सूनबाईला शेजारी बसवलं, टीव्हीचा आवाज बिघडलाय असं खोटंच सांगितलं, छत्रीवाल्याला पळवलं आणि तोंडाने वाजवलं. जिथे आठवेना, तिथे माझं घातलं.