म्हाळुंग्याचं कुलूप

रावेत, ६ ऑगस्ट २०२४

ती. चिमाअक्कास,
प्रभाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. अगं, बासष्टाव्या वर्षी मला काचेचं वेड लागलंय! रहाटणीला क्लास आहे. ज्योतीवर काचेची कांडी वितळवून मणी करायचे आणि माळा ओवायच्या. गेल्या महिन्यात घरी माळ ओवताना आमटी करपली, धूर झाला, सोसायटी गोळा झाली. तेव्हापासून ज्ञानेश आणि सूनबाई कंपनीत जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप घालतात. म्हाळुंग्याचं घर पाडलं, पण ह्यांचं ते पितळी कुलूप तेवढं इथे आणलंय. ज्ञानेश म्हणतो, आई, तुझ्याच भल्यासाठी. खरंच आग लागली तर मी कुठून निघू? क्लास बुडाला, जीव गुदमरतो गं. हे पत्र शेजारची विजयश्री टाकेल.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी प्रभा

चऱ्होली, १२ ऑगस्ट

चि. प्रभास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं बघ. पण तुझंबी चुकलंच. माहेरीबी दूध तूच उतू घालवायचीस!

त्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्या डब्यात हाय. तुमी देवाला गेलात की म्हशी बघायला मीच यायची न्हवं का? त्याच डब्यात आणिक एक हाय. भावजी गेले तवा तुझा हिरवा चुडा वाढवला, तुकडे इंद्रायणीत सोडायला माझ्याकडं दिले. माझा हात धजला न्हाई, तसेच जपून ठिवले. पाच वर्सं तुला सांगितलं न्हाई, रागावू नगंस. दोन्ही पाकिटात घातलंय.

माया हाय ती हायच.

चिमाअक्का

रावेत, २३ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

पाकीट दाराखालच्या फटीतून आलं. किल्ली माझ्या हातात, कुलूप बाहेर! हसू की रडू कळेना. विजयश्रीला जाळीतून विनवलं. दोन दिवस ती म्हणत राहिली, काकू, तुमच्या घरच्या भानगडीत मी कशी पडू? तिसऱ्या दिवशी तिनेच येऊन किल्ली मागितली.

रिक्षाने क्लासला गेले. तुकडे हातात घेऊन आधी पोटभर रडले, मग ज्योतीवर धरले. एकच मणी झाला, जरा वाकडा. तीनला परतले आणि विजयश्रीला मीच सांगितलं, आता बाहेरून लाव. ज्ञानेशला कुलूप जसंच्या तसं दिसायला हवं ना!

संध्याकाळी गळ्यातला हिरवा मणी बघून ज्ञानेशने विचारलं, हा कुठून आणलास? म्हटलं, कुठून आणणार? माझाच आहे, तुझे बाबा होते तेव्हाचा. खोटं नाही ना बोलले?

किल्ली विजयश्रीकडेच ठेवलीय. गुरुवारी पुन्हा जायचंय.

तुझी माया अशीच राहो.

प्रभा