सगूचे तीन दिवस

७ नोव्हेंबर १९४४
मंगळवार. धोंडूने अकोले गावाहून टपाल आणलं. सगूचं पत्र आहे, चारच ओळींचं. सर्व क्षेम, बनू खुशाल, दादा थंडीत कान बांधत जा, हिवताप पुन्हा आला तर कळव. कोपऱ्यात नेहमीसारखी आपली तारीख: रुगी लोमा, फाल.

काष्टीचा शिक्का दोन तारखेचा. दोन तारखेला रुगी लोमाच, पण हेदी होतं. सातच्या जागी चार. बाईसाहेब तीन दिवस मागे!

बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकली. लग्नानंतर नऊ वर्षांनी पोर झाली, आता मोजायला सवड कुठली म्हणा. हसू आलं, रागही आला. ही तारीख जगात दोघांनाच कळते. त्यातल्या एकाने ढिलाई केली तर राहिलं काय?

९ नोव्हें.
शाळा सुटल्यावर उत्तर लिहिलं. तांबडी शाई काढली. मास्तरकी हाडात मुरली आहे, बहिणीलाही सोडत नाही.

सगळे नियम पहिल्यापासून लिहून दिले. मोजतो तो अंगठा, मोजणाऱ्याने स्वतःला धरायचं नाही, म्हणून बोटं आठ. टी, बोम, रुगी, फाल, निंगा, सोक, हेदी, लोमा. आठ दिवसांचा एक लोमा, आठ लोमांचा एक धेमा, धेमा भरला की पुन्हा टी. वर्ष ठेवलेलं नाही. "वरीस मोठ्या मान्सांचं," असं स. म्हणायची. काकूला कळू नये म्हणून सोनईच्या घरी आम्ही बोलायचो ती भाषा. बाकीचे शब्द बरेचसे गळाले, आकडे आणि तारीख तेवढी टिकली.

आणि ओफा. ओफा म्हणजे न मोजायचा दिवस. आई गेली तेव्हा मी दहाचा, स. सहाची. देवापुढे दिवा का नाही म्हणून तिने काकूला विचारलं. काकू म्हणाली, सुतकाचे दिवस देवाला चालत नाहीत. स. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मंग आपल्यालाबी नको." ते दहा दिवस आम्ही मोजले नाहीत. वडील गेले तेव्हा दहा. गेल्या चैत्रात माझी बायको यमुना आणि पोटातलं बाळ एकाच दिवशी गेलं तेव्हा दहा. मी कळवलं आणि तिने तिकडे काष्टीत मोजणं थांबवलं. कुणाच्याही घरचं असो, दोघांनी थांबायचं.

शेवटी लिहिलं: कारण नसताना दिवस वगळू नयेत. गणितात अजून कच्चीच राहिलीस.

१० नोव्हें.
धोंडूजवळ पत्र दिलं. खाचरांत भाताची कापणी चालू, वर्गात निम्मी पोरं नाहीत. उरलेल्यांना दहाचे पाढे. शाळेत दहाने मोजायचं, मनात आठाने. सवय आहे.

१४ नोव्हें.
टपाल आलं. स.चं काही नाही.

१७ नोव्हें.
स.चं पत्र. माझं तांबडं पत्र पोचण्याआधी टाकलेलं दिसतं. पुन्हा तीनने मागे. म्हणजे चूक झाली ती झाली, त्यावरूनच पुढे मोजत चालली आहे.

पण चूक बसत नाही. बावीस वर्षं ही तारीख मोजतो आहे आणि बारा वर्षं पोरांच्या पाट्या तपासतो आहे. विसरलं तर एक दिवस चुकतो. बोटांचा फेरा चुकला तर अख्खा लोमा, आठ दिवस. तीन कुठून येतील?

दुसरं एक. भाऊबिजेला गेलो होतो तेव्हा बनू पालथी पडायला शिकली होती. त्यानंतरच्या पत्रात स.ने अर्धं पान तिच्यावरच लिहिलं होतं: लाळ किती गळते, मुठी कशा चोखते, सासूबाईंच्या बांगड्या कशा धरते. आता दोन पत्रं झाली, नुसतं "बनू खुशाल". घरकाम असेल. ज्वारी निसवली असेल, पाखरं राखायला जात असेल. असेल काहीतरी.

२१ नोव्हें.
धोंडू आला नाही. मंगळवार कधी चुकवत नाही तो.

२४ नोव्हें.
धोंडू आला. पिशवी खाली ठेवली, पण ओटीवर चढेना. अंगणातच उभा. मी तापलो होतोच. मंगळवारचं टपाल कुठं गेलं म्हणून विचारलं.

म्हणाला, "सुतक हुतं गुरुजी. लेकीचं लेकरू गेलं."

मग विचारू नये ते विचारलं. "रविवारी शाळेवरून गेलास की रे, तेव्हा तर काही नव्हतं. आणि आज कामावर? दहा दिवस नाहीत?"

"लई बारकं हुतं. दातबी न्हवतं आलं. बारक्याचं तीनच दिस ऱ्हातंय. मोठ्या मान्साचं धा."

आमच्यातही तेच. मला ठाऊक होतं की. शाळेतल्या चौथीच्या पोरालाही ठाऊक असेल. आमच्या घरी आजवर गेली ती मोठी माणसं. बाळ गेलं ते यमुनेबरोबरच, दहांतच धरलं. तीनचा ओफा आम्हांला कधी पडलाच नाही, म्हणून डोक्यात आला नाही.

धोंडूला पाणी दिलं. तो काय बोलत होता ते पुढे ऐकू आलं नाही.

बनूला दात आला नव्हता.

२५ नोव्हें.
काल पुढे लिहिता आलं नाही.

धीराने विचार करायचा. स.ने कळवलं का नाही? तिच्या जागी मी असतो तर कळवलं असतं का? चैत्रात यमुना गेली आणि दोन महिन्यांनी बनू झाली. भाऊबिजेला स.ने तिला माझ्या मांडीवर टाकलं, म्हणाली, "ही तुझीबी हाय दादा." परत आल्यावर मी मूर्खासारखं लिहिलं की या पोरीच्या आशेवर दिवस काढतो आहे. असं लिहिल्यावर ती काय कळवणार? नवऱ्याला, जगन्नाथरावांना, आणि सासूबाईंनाही तिनेच गप्प केलं असेल. ती सरळ माणसं आहेत, तिचं ऐकतात.

मराठीत "बनू खुशाल" लिहिता आलं तिला. तारीख मात्र खोटी घालता आली नाही.

आणि मी काय केलं! तांबड्या शाईने. कारण नसताना दिवस वगळू नयेत. हे वाक्य तिने वाचलं असेल, कुठे बसून वाचलं असेल, कुणास ठाऊक. हात तोडून टाकावा वाटतो.

पण खरंच चुकली असेल तर? पोर घरात पालथी पडून खेळत असेल आणि इकडे मी तिला मेलेली धरून बसलो असेन. मामानेच. असं मनात आणणंही पाप आहे. पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. तीनच येतात.

२६ नोव्हें.
रविवार. दिवसभर कागद पुढे. उघड विचारलं आणि पोर जिवंत असली तर तिला काय वाटेल? उघड विचारलं आणि पोर नसली तर तिने एवढं दडवलेलं मी सगळ्यांदेखत उकरलं असं होईल, कारण पत्र घरात वाचलं जातं.

शेवटी दोनच ओळी लिहिल्या. मी बरा आहे, हिवताप नाही. कोपऱ्यात तारीख. आज सोक लोमा, हेदी. ती पुसली आणि लिहिलं: सोक लोमा, फाल.

तीन दिवस मागे आलो. पोर जिवंत असली तर हे पत्र म्हणजे शापच. नसली तर स.ला कळेल की मी थांबलो आहे, तिच्याबरोबर. बाकी काही बोलायला नको.

धोंडूची वाट न पाहता अकोल्याला चालत गेलो आणि पेटीत टाकलं. पत्र आत पडल्याचा आवाज आला आणि वाटलं, परत काढता आलं तर काढावं.

२८ नोव्हें.
धोंडू आला. स.चं पत्र. माझ्या तांबड्या पत्राचं उत्तर. जसंच्या तसं उतरवतो.

"दादाचे चरणी सा. न. तुझे पत्र पोचले. तुझेच बरोबर. मोजताना माझे लक्ष नव्हते. ते तीन दिवस धरले आहेत. आता चुकणार नाही. रागावू नकोस. बनू खुशाल."

कोपऱ्यात: सोक लोमा, बोम. शिक्का एकवीस तारखेचा. माझ्या जुन्या मोजणीने एकवीसला बरोब्बर सोक लोमा, बोमच येतं.

स. पुढे आली आणि मी मागे गेलो. दोघांत पुन्हा तीनच दिवसांचं अंतर.

दहा वेळा वाचलं. साधी चूक होती, दादा रागावला, दुरुस्त केली. असंच असेल तर पोर आहे, आणि मी परवा टाकलेलं पत्र तिच्या घरात आग लावणार आहे. किंवा पोर गेली, तिचे तीन दिवस स.ने जपून बाजूला ठेवले होते, आणि मी कान उपटले म्हणून तेही उचलून इतर दिवसांत टाकून दिले. माझं मन राखायला. "मोजताना माझे लक्ष नव्हते." याचा अर्थ मी कसा लावू?

धोंडूने जाताना विचारलं, "वाईट खबर हाय का गुरुजी?" मी म्हणालो, माहीत नाही. खरं तेच सांगितलं.

२९ नोव्हें.
रजेचा अर्ज अकोल्याला पाठवला. मंजुरीची वाट पाहणार नाही. साहेबांना काय बोलायचं ते बोलू देत. शाळा तीन दिवस बंद, पोरं भाताच्या झोडणीला जातील, त्यांना आनंदच.

अकोल्यापर्यंत पायी. पुढे कोळशावर चालणारी मोटार, संगमनेर. मग बेलापूरला आगगाडी आणि सरळ काष्टी. परवा संध्याकाळी उतरेन. बरोबर काय न्यावं ते ठरेना. यमुनेने केलेलं झबलं पेटीत आहे, आमच्या बाळासाठी शिवलेलं. बाहेर काढलं, पुन्हा घडी घालून आत ठेवलं. तिथे कुणाच्या अंगात घालणार, ठाऊक नाही. घेतलं नाही.

स. दारात आली की पहिल्यांदा तिच्या कडेकडे नजर जाईल. ती जाऊ द्यायची नाही असं ठरवतो आहे आणि जमणार नाही हेही कळतं आहे.

माझं रविवारचं पत्र अजून वाटेत असेल. रविवारी टाकलेलं सोमवारी निघतं, पुढे पाच दिवस, म्हणजे शनिवार; शनिवारी काष्टीचा बाजार, त्या दिवशी तिथला टपालवाला उशिरा फिरतो. म्हणजे हातात एक दिवस आहे. पोर असली तर ते पत्र स.च्या हाती पडण्याआधी मला घ्यायला हवं. नसली तर ती ते उघडेल तेव्हा मी जवळ असायला हवा.

दोन्ही बाजूंनी टपालाच्या आधी पोचायला हवं. पहाटे निघतो.