बोरिंगचा निळा रंग

३ नोव्हेंबर

पुन्हा ताप! पोळ्यापासून गुड्डीची ही चौथी पाळी. खोकला थांबला की कान फुटते, कान बरा झाला की घसा धरते. सात वर्षांची पोरगी, महिन्यातले दहा दिवस शाळेत नाही. मॅडम मलेच विचारते, "पोरीले काही खाऊ घालता का नाही?" डोकं फिरते माझं.

५ नोव्हेंबर

सानगडीच्या डॉक्टरले दाखवलं. त्यांनी घशाआधी दात पाहिले. समोरच्या दातांवर पिवळे पट्टे. ब्रश नीट करत नाही म्हणून मी किती रागावली तिच्यावर! "पाणी कुठलं पिता?" दारासमोरच्या बोरिंगचं, हातपंपाचं. म्हणे, फ्लोराइड असू शकते. मी विचारलं, ताप त्यानंच येते का?

"दात-हाडं खराब होते हे खात्रीनं सांगतो. प्रतिकारशक्तीवरही परिणाम होते असं काही अभ्यासांत दिसलं, पण माणसांत अजून पक्कं नाही. तोवर ते पाणी बंद करा."

पक्कं नाही म्हणे. मग पोरगी कायले पडून राहिली दर पंधरा दिवसांनी?

६ नोव्हेंबर

सासूबाई — "चांगलं गोड पाणी आहे, कायले नाव ठेवते वो?" गुड्डीचे बाबा — "रिपोर्ट येऊ दे आधी." बाटली भरून तपासणीसाठी ग्रामसेवकाकडे मीच नेऊन दिली. दुसरं कोण जाते?

१० नोव्हेंबर

तलावापलीकडच्या विहिरीवरून पितळी गुंड डोक्यावर घेऊन तीन खेपा पाणी आणलं. कंबर गेली. सासूबाई बोरिंगचंच पितात, माझ्यासमोर.

१७ नोव्हेंबर

बाटली अजून ग्रामसेवकाच्या टेबलावरच! अकरा दिवस! वरून हसते — "तुमच्याच बचत गटानं सजवलं ना ते बोरिंग? बक्षीस घेतलं, आता खराब म्हणता." चार वर्षांपूर्वी स्वच्छता स्पर्धेसाठी आम्ही बायांनी रंगवलं होतं, फोटो तिथंच भिंतीवर आहे. त्याचा पाण्याशी काय संबंध? बाहेर येऊन रडली मी.

गुड्डीले रात्री पुन्हा कणकण.

२२ नोव्हेंबर

बोरिंग दुरुस्त करणारे यादोराव आले होते. मी पाण्याचं विचारलं. त्यांनी निळ्या रंगावर हात फिरवला.

"त्याच्यावर लाल रंग होता ना बाई. तपासणीवाल्यायनं मारला होता, पिऊ नका म्हणून. कोणं झाकला?"

आठवला मले तो लाल. रंगाऱ्यानं रेडऑक्साइडचा पहिला हात मारून काम अर्धवट सोडलं, असं वाटलं होतं. त्यावर निळा मीच मारला. गुड्डी तीन वर्षांची होती, ब्रशसाठी रडत होती. शेवटचा हात तिले मारू दिला.