आईच्या खोलीचा रंग

२२ जानेवारी १९७९
प्लॅस्टर झालं! उस्मानपुऱ्यातलं घर आता कुठे घरासारखं दिसू लागलं. वास्तुशांती आठ फेब्रुवारीला. मुहूर्त मीच काढला. भटजींवर माझा विश्वास नाही.
मागची खोली आईची. कन्नडहून ती चार दिवसांसाठी येते आहे. ‘कायमची ये’ म्हटलं की, “बघू रं सांडू.” हे ‘बघू’ सहा वर्षं ऐकतोय. यंदा खोली अशी करायची, की तिनं परत दादाकडे जायचं नाव काढू नये.

२३ जानेवारी
रंगारी पुंजाराम आला. भिंतीला तळहात लावून नाडी बघितल्यासारखा उभा राहिला. निदान — “कच्ची हाय सायेब. थंडीचं वाळत नाय. आत्ता नुसता चुना मारा. ऑइल पेंट दिवाळीला.”
दिवाळीला! आणि चुना? चुना तर दादाच्या गोठ्यालाही आहे. आईनं गोठ्यातून गोठ्यात यायचं?

२६ जानेवारी
सुट्टी, म्हणून मेहुणा बद्रीनाथ वैजापूरहून हजर. तहसिलीत कारकून, अधिकार मात्र चौदा विद्यांवर. “दाजी, ऑइल पेंटच मारा. आरशासारखी भिंत!” माझ्याच मनातलं बोलला — याचंच जरा वाईट वाटलं.
मग रंगासाठी सभा बसली. बद्रीनाथ म्हणे आकाशी. तहसिलीत तोच आहे — काय शिफारस! मी बदामी म्हणालो. द्वारका हसली. “अहो, बदामी म्हणजे धुतलेला मळका.” पाठशाळेत बारा वर्षं न्यायशास्त्र घोटलं आणि स्वतःच्या बायकोपुढे एक मुद्दा टिकेना. पिस्ता ठरला.

३० जानेवारी
अस्तर लागलं. पुंजाराम पुन्हा तेच — “थांबा सायेब, पाणी आत हाय.” मी म्हणालो, मुहूर्त थांबतो का? “सायेबाचं घर, सायेबाचा रंग,” हे तो डब्याकडे बघून म्हणाला.

४ फेब्रुवारी
दुसरा हातही झाला. चकचकीत! भिंतीत माझं टक्कल दिसतं. पुंजारामला मुद्दाम बोलावून दाखवलं. तंबाखू मळत राहिला.

७ फेब्रुवारी
फोड! सकाळी खिडकीखाली सुपारीएवढा एक. संध्याकाळी भिंतीला जणू देवीच आल्या. एक टोचला — पाणी.
गेल्या वर्षी एका ठेकेदारानं शाळेच्या ओल्या भिंती अशाच रंगवल्या, तेव्हा वार्ताहर म्हणून मी पाव पान बातमी दिली होती. मथळाही माझाच — ‘रंगाखाली दडवलेला ढिसाळपणा’. आज तो ठेकेदार मला फार सज्जन वाटतोय.
बद्रीनाथ म्हणतो, “माल भेसळीचा असंल दाजी.” पुंजारामनं भिंतीला पुन्हा तळहात लावला आणि धोतराला पुसला. ते जास्त लागलं. चंद्रबळ पाहिलं, ताराबळ पाहिलं. सिमेंटची पत्रिका पाहायची तेवढी राहिली!
उद्या आई.

८ फेब्रुवारी
वास्तुशांती झाली. आई खोलीत गेली, मागोमाग मी, कारणं घेऊन. तिनं एकही ऐकलं नाही. नखानं पापुद्रा धरून ओढला — उपरण्याएवढा निघाला.
“सांडू, भिताडाला बरसाती घातली व्हय रं?”
सगळे हसले. बद्रीनाथ सगळ्यांत मोठ्यानं!
आईनं पिशवी पुढच्या खोलीतच ठेवली. “वास लई मारतोय. परवाची यष्टी किती वाजता हाय?”
चार दिवससुद्धा नाही.

९ फेब्रुवारी
आज एकही बातमी पाठवली नाही. द्वारकानं विचारलं, “थांबा म्हणालात का त्यांना?” कुठल्या तोंडानं?

१० फेब्रुवारी
खरखर ऐकून उठलो. आई स्टुलावर, हातात स्वयंपाकघरातलं उलथनं, खाली पिस्ता पापुद्र्यांचा ढीग. पुंजारामला तिनं परस्पर बोलावून चुनकळी आणायला पिटाळलंय.
“आठ दिस भिजू दे. मग तीन हात. एक वाळल्याबिगर दुसरा नाय. मधी बोलायचं नाय — आन् खाली उभा ऱ्हाऊ नगं, डोळ्यात जाईल.”
सकाळच्या यष्टीची वेळ होऊन गेली होती. मी तिचं तिकडे लक्ष वेधलं नाही.